ढिला टाका

ठिणगी चिडली की आधी तिचे कान लाल होतात, मग नाकाचा शेंडा, आणि त्यानंतर तोंडातून जे काही बाहेर पडतं ते ऐकायला जिन्यातल्या बायका गॅस बारीक करून दारात येऊन उभ्या राहतात. जन्मनाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच राहिलं. सहावीत विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर ग्रह काढताना गुरू आणि शनीची अदलाबदल केली, तर ही बाकावर उभी राहिली. बाई म्हणाल्या, "खाली बस." ही म्हणाली, "आधी शनीला हलवा, मग बसते." त्या दिवसापासून ठिणगी. बाईंनीच ठेवलेलं नाव, आणि कौतुकाने ठेवलेलं नव्हे.

घर तिसऱ्या मजल्यावर, आणि तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत आईचं शिवणाचं दुकान. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा, आणि त्या आरशात स्वतःला पाहून "जरा सैल करा हो" म्हणणारी गिऱ्हाइकं. वडील लांब पल्ल्याच्या ट्रकवर. महिन्याचे चार दिवस घरी, त्यातले दोन झोपलेले. त्यामुळे घरात खरी माणसं दोनच, आणि दोघींचा पारा एकाच कंपनीचा. आईच्या हातची कॉलर दहा वर्षं वापरली तरी मान टाकत नाही अशी ख्याती होती. टाका इतका बारीक आणि इतका घट्ट, की नखाने उचकटायला जावं तर नख तुटावं.

आईने घरात एकच कायदा केला होता. मुलीने मशीनला हात लावायचा नाही.

"पुस्तक धर. पॅडल मारायला मी आहे."

पण कामाची गर्दी झाली की ठिणगी खाली येऊन बसायची आणि काजं-बटणं, हातशिलाई ओढून घ्यायची. आई ओरडली की तिचं ठरलेलं उत्तर, "मशीनला नाही म्हणालीस. सुईला कुठे म्हणालीस?" असं करत दहाव्या वर्षापर्यंत आईचा हात जसाच्या तसा लेकीच्या बोटांत उतरला. आईला ते दिसत होतं. दिसलं की ती तोंड फिरवून मशीन जोरात चालवायची.

तर अशी ही मुलगी इंजिनिअरिंगला गेली आणि तिसऱ्या वर्षाला उपग्रह बनवणाऱ्या संस्थेत दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवडली गेली. कॉलेजातून चौघंच निवडली होती, तीन मुलगे आणि ही. पत्र आलं त्या दिवशी जिन्यात असा गोंधळ, की समोरच्या दारातल्या मावशींनी पोरगी अंतराळात चालली असंच धरलं आणि हळूच आईला विचारलं, "तिकडे अंघोळीचं काय करतात गं?"

संस्थेत पहिल्या दिवशी चौघांना विभागप्रमुखांपुढे उभं केलं. हे गृहस्थ म्हणजे शर्टाची इस्त्री कधी मोडू न देणारा माणूस. खुर्चीतही असे बसायचे की पाठ टेकणार नाही. संस्थेत सगळे त्यांना मागून इस्त्रीसाहेब म्हणत. साहेबांनी चौघांचे अर्ज चाळले. एकाला कक्षा मोजायला बसवलं, दुसऱ्याला अँटेनाकडे, तिसऱ्याला संगणकावर. ठिणगीच्या अर्जावर मात्र बोट एका रकान्यावर थांबलं. आईचा व्यवसाय.

"अरे वा! शिवणकाम! मग काय, तू पांघरूण विभागात. रक्तातच आहे."

तिन्ही मुलगे हसले. तिचे गुण त्या तिघांपेक्षा जास्त होते, आणि ते अर्जाच्या त्याच पानावर, दोन ओळी वर छापलेले होते. कान लाल झाले. पण साहेब, पहिला दिवस, शिफारसपत्र... तिने जीभ दातांखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदा धरली, आणि तिथेच पुढच्या सगळ्याची सुरुवात झाली.

आता पांघरूण म्हणजे काय, तर उपग्रहाला खरंच पांघरूण लागतं. वर हवा नाही. उन्हाची बाजू भाजते, सावलीची गोठते. म्हणून कांद्याच्या सालीहून पातळ, चकचकीत असे पंधरा पापुद्रे एकावर एक ठेवायचे, प्रत्येक दोन पापुद्र्यांमध्ये बारीक जाळी घालायची, साच्याबरहुकूम कापायचं आणि शिवायचं. हाताने. कोट्यवधी मैलांची गणितं करणाऱ्या त्या इमारतीत एका खोलीत एक बाई सुई-दोरा घेऊन बसलेली असायची.

त्या सुईकाकू. वय पन्नाशीचं, बोलणं कात्रीसारखं, एकोणीस वर्षं तीच खोली, तेच टेबल. नोकरी मात्र कंत्राटी. दर तीन महिन्यांनी कागद नवा व्हायचा, आणि तो होईपर्यंतचे आठ-दहा दिवस काकू कुणाशीच धड बोलायच्या नाहीत.

खोलीत शिरताना डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, अंगभर पांढरा झगा, हातांत मोजे. धुळीचा कणसुद्धा आत जाता कामा नये. नुसते डोळे उघडे. ठिणगीचे कान टोपीत गेले, त्यामुळे ती चिडलीय हे कळायची सोयच उरली नाही. पाच आठवडे ती रोज आठ तास चिडून बसली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

कामाचा एक नियम काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितला. जे जमिनीवर राहणार, सरावाचं, चाचणीचं, त्याला लाल चिठ्ठी. जे खरोखर वर जाणार त्याला हिरवी. शिकाऊ मुलांनी हिरव्या चिठ्ठीला बोटसुद्धा लावायचं नाही. प्रत्येक हिरव्या वस्तूबरोबर एक कागद फिरतो. कुणी कापलं, कुणी शिवलं, कुणी तपासलं, सगळ्यांच्या सह्या त्यावर.

"आणि शिकाऊंची सही कुठे?" ठिणगीने विचारलं.

"शिकाऊंना रकानाच नाही. तू इथे आहेस असं त्या कागदाला माहीतच नाही. घे, शीव."

ठिणगी लाल चिठ्ठीवर शिवायला बसली. बारीक, सरळ, घट्ट. आईने शाबासकी दिली असती असे टाके. काकू मागून आल्या.

"ढिला! ढिला घाल! ही काय सदऱ्याची कॉलर आहे? दम कोंडला बिचाऱ्याचा! उसव."

उसवलं. परत शिवलं. परत "ढिला!" काकूंचा स्वतःचा टाका तिने पाहिला तर लांब-लांब, दोरा नुसता टेकलेला, बोट घातलं तर आत जाईल. आईच्या दुकानात असं शिवलं असतं तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं. ठिणगीने मनात शिक्का मारला. गबाळं काम. सरकारी हात. पगार कमी म्हणून टाका कमी.

का, म्हणून एकदाही विचारलं नाही. शनीला हलवणारी पोर ही! पण शिवणाऱ्या बाईला काय विचारायचं? स्वतः शिवणाऱ्या बाईच्या पोटची, आणि डोक्यात हा विचार. हे पुढे तिला आठवलं तेव्हा तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं.

सहाव्या आठवड्यात काकूंच्या अंगठ्याला नखुर्डं झालं. टम्म सुजलेला, पट्टी बांधलेला अंगठा घेऊन त्या खोलीत शिरूच शकत नव्हत्या. नियमच तसा. आणि बॅटरीच्या डब्याचं पांघरूण सोमवारी चाचणीला जायचं होतं. हिरवी चिठ्ठी. इस्त्रीसाहेब दारात आले.

"तू शीव."

"सर, हिरवी आहे."

"दिसतंय मला. तुझ्या आईचं दुकान आहे ना? बघू तुमच्या घराण्याची करामत." मग बाहेर बाकावर बसलेल्या काकूंकडे वळून, "बाई, तुम्ही सही करून टाका."

"मी शिवलं नाही त्यावर मी सही करायची?"

"पुढच्या आठवड्यात तुमचा कागद येतोय ना माझ्याकडे? मग एकमेकांना सांभाळून घेऊ या की."

काकूंनी सही केली. डाव्या हाताने, वाकडीतिकडी. सही करताना त्यांच्या डोळ्यांत काय होतं, ते ठिणगीने पाहिलंच नाही. तिचं लक्ष हिरव्या चिठ्ठीवर होतं. हे वर जाणार! दोन दिवस ती त्या पांघरुणावर अशी तुटून पडली, की जेवणाचा डबा तसाच परत यायचा. पाच आठवड्यांचा सगळा राग तिने त्या दोऱ्यात ओतला. रक्तात आहे ना? घ्या मग! शेवटचा टाका घातला तेव्हा त्या शिवणीत सुईचं टोक शिरलं नसतं.

सोमवारी ते टाकीत गेलं. ही टाकी म्हणजे खोलीएवढं लोखंडी पिंप. दार बंद करून आतली हवा पंपाने ओढून काढायची, भिंती गोठवायच्या आणि तीन दिवस बाहेरच्या पडद्यावर आतलं तापमान वाचायचं. बॅटरीचा डबा शून्याच्या खाली जायला नको होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उणे सातवर होता. आतला हीटर जीव तोडून जळत होता आणि डबा थंडच पडत चालला होता.

ठिणगी पडद्यापुढे उभी होती. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. पाचव्या सत्राचा पेपर, चौथा प्रश्न, दहा गुण. पापुद्रे एकमेकांना टेकता कामा नयेत. निर्वात जागेत ते सुटे असतील तर उष्णता पलीकडे जायला वाटच नसते. दाबले गेले, टेकले, की उष्णता एकातून दुसऱ्यात चालत बाहेर जाते आणि पंधरा पापुद्र्यांचा होतो एक. हे तिने लिहिलं होतं. आकृतीसकट. साडेनऊ मिळाले होते आणि अर्ध्या गुणासाठी ती सरांशी भांडून आली होती. काकूंना हा पेपर कधी दिसला नव्हता, आणि त्या पाच आठवडे तिच्या कानाशी त्याचंच उत्तर ओरडत होत्या.

बुधवारी इस्त्रीसाहेबांचा शेरा आला. शिवणकाम निकृष्ट, जबाबदार व्यक्ती कागदावर सही करणारी, कंत्राट पुढे चालू ठेवू नये, शुक्रवारी चौकशी.

ठिणगी साहेबांच्या खोलीत न विचारता घुसली.

"सर, ते मी शिवलं."

साहेबांनी मान वर केली. चेहऱ्यावर सुरकुती नाही. "तू? शिकाऊ मुलांनी हिरव्या चिठ्ठीला हात लावायचा नाही हा नियम आहे."

"तुम्हीच सांगितलंत!"

"नियम आहे म्हटल्यावर मी कसा सांगेन? आणि नियम आहे म्हटल्यावर तू कशी शिवशील?" ते अगदी समजावणीच्या सुरात बोलत होते. "कागदावर तुझं नाव आहे कुठे? हे बघ, हुशार मुलगी आहेस. तुझं शिफारसपत्र टाइप होऊन पडलंय. पुढच्या शिक्षणाला ते लागणारच. उगाच कशात तरी बोट घालू नकोस."

ते पत्र म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते नसेल तर पुढच्या अर्जात या दोन महिन्यांच्या जागी नुसती मोकळी ओळ.

त्या संध्याकाळी ती दुकानात आली आणि टेबलावर पिशवी आपटली. पिशवीत काकूंनी शिवलेला लाल चिठ्ठीचा एक वाया गेलेला तुकडा होता. आईने तो उचलला. बल्बखाली धरला, उलटा केला, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"कुणी शिवलंय गं हे?"

"आहे एक. का?"

"जबरदस्त हात आहे बाईचा." आईने चष्मा पुसून परत पाहिलं. "सगळे टाके ढिले, आणि सगळे सारखेच ढिले. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. आवळायला काय, कुणीही आवळतं. दोरा ओढला की झालं. हे असं मला जमायचं नाही."

ठिणगी मटकन स्टुलावर बसली आणि मग जी सुरू झाली ती थांबेना. साहेब, रकाना, मनात मारलेला 'गबाळं काम'चा शिक्का, सही, नखुर्डं, उणे सात, पत्र. बाहेर जिन्यात तीन दारं उघडल्याचा आवाज आला. समोरच्या मावशींना त्यातलं एवढंच कळलं की बॅटरीला थंडी वाजली.

ती थांबली तेव्हा आईने तुकडा घडी करून ठेवला.

"मी रात्रंदिवस पॅडल मारलं ते कशासाठी? तुला सुईवाल्या बायकांना गबाळ्या म्हणता यावं म्हणून?"

"मी म्हणाले नाही."

"तोंडाने नाही म्हणालीस. ते तरी बरं, तोंडाने म्हणतीस तर तिने कान पिळला असता आणि मग डबा थंड पडला नसता. आणि काय गं, जगाशी भांडतेस, तिला साधं 'का' विचारायला जीभ झडली होती?"

"आता काय करू, ते सांग ना!"

"मला काय विचारतेस? मी काय इंजिनिअर आहे?" आणि आईने मशीन असं चालवलं की पुढचं काही ऐकू येऊ नये.

गुरुवारी आणखी एक भर पडली. संस्थेच्या प्रसिद्धी विभागात एक बाई होत्या, सतत हसऱ्या. दरवर्षी प्रत्येक इंटर्नकडून 'भावी शास्त्रज्ञांना सल्ला' म्हणून एक पान लिहून घ्यायचं आणि फोटोसकट मासिकात छापायचं, हे त्यांचं काम. त्या आठवडाभर मागे लागल्या होत्या. ठिणगीने त्यांच्याच टेबलावर बसून, पेन कागदात रुतवत लिहून दिलं.

'शास्त्रज्ञ व्हायचंय? मग तुम्ही पेपरात लिहिलेलं उत्तर तुमच्या बोटांना माहीत आहे का ते बघा. मला साडेनऊ होते आणि माझ्या बोटांना शून्य. ज्या माणसाला विचारायची तुम्हाला लाज वाटते, तोच तुमच्या खोलीतला सगळ्यात जाणता असण्याची शक्यता आहे, त्याला पहिल्या दिवशी विचारा. काम हातात घ्यायच्या आधी तुमचं नाव कागदावर कुठे येणार ते बघा. कुठेच येणार नसेल तर हात खिशात ठेवा, कारण चूक तुम्ही कराल आणि भरेल दुसरं कोणी. साहेबाने तुमच्या घराण्याची स्तुती केली तर त्या दिवशी रजा घ्या. आणि राग येत असेल तर तो तोंडाने बाहेर काढा. कामात ओतू नका. उपग्रहाला तो सोसत नाही.'

प्रसिद्धीबाईंनी वाचलं. हसू जागच्या जागी थिजलं.

"छानच लिहिलंयस! फक्त जरा निगेटिव्ह होतंय ना? 'मोठी स्वप्नं पाहा' कुठे आलंच नाही."

"पाहिलीच नाहीत मी."

"मी थोडंसं एडिट करते हं."

मासिकात पुढे जे छापून आलं ते असं: 'जिद्द, चिकाटी आणि मोठी स्वप्नं!' सोबत ठिणगीचा फोटो, टोपी-पट्टीतला. कुणाचाही असू शकेल असा.

शुक्रवारी चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. अंगठ्याची पट्टी निघाली होती. ठिणगीला बोलावलेलं नव्हतं. तिला कोण बोलावणार, कागदाला ती माहीतच नव्हती. ती येऊन शेजारी बसली.

"काकू, मी आत येऊन सांगणार आहे."

"काय सांगणारेस?"

"मी शिवलं म्हणून."

काकू गर्रकन वळल्या. "आणि मग मी कोण? न शिवता सही करणारी! आत्ता नुसती वाईट शिवणारी आहे, तू तोंड उघडलंस की खोटारडी ठरेन. वाईट शिवणारीला दुसरीकडे कुठे तरी सुई मिळते, खोटारडीला कोण दारात उभं करतं? फार शहाणी! आधी घट्ट शिवून मारलंस, आता खरं बोलून मारतेस!"

ठिणगीला हे सुचलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, खरं बोललं की काकू सुटतील, पत्र गेलं तरी चालेल, आपण मोठ्या मनाच्या. आता तिला तोंड वर करता येईना.

"मी ढिला म्हणत होते तर का म्हणून घातला नाहीस?" काकूंचा आवाज तोंडावरच्या पट्टीशिवाय भलताच मोठा होता. "एवढं एक सांग मला."

"तुम्हाला येत नाही असं वाटलं मला."

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बरं. निदान हे तरी खरं बोललीस. आता दुसरं सांग. ढिलाच का लागतो?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला कोण सांगणार? माझ्या आधीची बाई म्हणायची ढिला, म्हणून मी ढिला. दोनदा चुकून आवळला गेला तेव्हा डबे थंड पडले, एवढं बघितलंय. का, ते कुणी बोललं नाही."

ठिणगीने सांगितलं. एका हाताचा तळवा दुसऱ्यापासून बोटभर अंतरावर धरून दाखवला, मग दोन्ही दाबून दाखवले. मधून जायला उष्णतेला वाट नाही. टेकलं की वाट. पाच मिनिटं लागली.

काकूंचा चेहरा उजळायला हवा होता. तो काळाठिक्कर पडला.

"एवढंच?"

"एवढंच."

"एकोणीस वर्षं मी त्या खोलीत बसतेय. शेकडो इंजिनिअर आले-गेले, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि पाच मिनिटांची ही गोष्ट एकाला सांगता आली नाही? मेल्यांनो!" त्या उठून उभ्या राहिल्या. "चल आत."

"पण तुम्ही खोटारड्या..."

"चल म्हणते ना!"

आत तीन माणसं होती. मधोमध बसलेले म्हातारे गृहस्थ तीस वर्षं थंड टाकी सांभाळून निवृत्त झालेले, चौकशीपुरते बोलावलेले. उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, म्हणून स्वेटरबाबा. बाजूला इस्त्रीसाहेब, कडक. टेबलावर ते पांघरूण पडलं होतं.

"हिचं इथे काम नाही," साहेब ठिणगीकडे बोट करून म्हणाले.

"असं कसं?" काकू म्हणाल्या. "हे काम हिचंच आहे. तुम्ही विचारायच्या आत मीच सांगते. हे हिने शिवलंय आणि सही मी केलीय. खोटी. का केली तेही सांगेन. पण आधी हे का बिघडलं ते ऐका, म्हणजे शिवणकाम निकृष्ट हे कुणी परत लिहू नये." आणि मग काकूंनी तळवे पुढे धरले. बोटभर अंतर. दाबले. "टाका आवळला, पापुद्रे टेकले, टेकले की ऊब पळाली. शिवण उत्तम आहे. अशी सरळ शिवण मलासुद्धा यायची नाही. उत्तम आहे म्हणूनच वाया गेली."

स्वेटरबाबांनी पांघरूण चिमटीत धरलं. मग कपाटातून काकूंच्या हातचं जुनं एक मागवून तेही धरलं. जाडीला नवं निम्मंच भरलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "हा हात तुमचा नाही बाई. मग सही कशी?"

"साहेब म्हणाले म्हणून. कंत्राटाचा कागद त्यांच्या टेबलावर होता म्हणून."

"मी असं काहीही बोललेलो नाही!" साहेब उभे राहिले.

"बोललात," ठिणगी ओरडली. आता टोपी नव्हती आणि कान उघड्यावर लालबुंद होते. "दारात उभं राहून बोललात! 'तुमच्या घराण्याची करामत बघू' म्हणालात! 'एकमेकांना सांभाळून घेऊ' म्हणालात! आणि बुधवारी मला पत्राचं आमिष दाखवून गप्प बसायला सांगितलंत! ठेवा ते पत्र तुमच्याकडे, इस्त्री करून!"

तिसरा सभासद खोकला आल्यासारखं करून खाली वाकला.

"आवाज खाली," स्वेटरबाबा म्हणाले, पण कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग त्यांनी हिशोब मांडला. उपग्रह निघायला नऊ दिवस. परत टाकीत तीन. म्हणजे नवं पांघरूण सहा दिवसांत हवं. "बाई, होईल?"

"होईल," काकू म्हणाल्या आणि हाताची घडी घालून बसल्या. "पण तोंडी सांगण्यावर या खोलीत मी यापुढे दोरासुद्धा ओवणार नाही. साहेबांनी लिहून द्यावं. काय झालं, कुणाला शिवायला सांगितलं, कुणाला सही करायला सांगितली. आणि तुम्ही चौकशी समिती म्हणून लिहून द्या, माझा कागद वर्षाचा. तीन महिन्यांचा नको. मग सुई उचलते."

"हे ब्लॅकमेल आहे," साहेब म्हणाले.

"असेल. तुम्हाला दुसरी शिवणारी मिळते का बघा. ही आहे की," त्यांनी ठिणगीकडे मान उडवली, "रक्तात आहे म्हणे."

स्वेटरबाबांनी एक कोरा कागद टेबलावरून साहेबांपुढे सरकवला.

"मी टाइप करून आणतो."

"हातानेच लिहा," काकू म्हणाल्या. "आमचं सगळं हातानेच असतं."

साहेबांनी लिहिलं. वाकावं लागलं, त्यात शर्टाला कोपरापाशी चुणी पडली. काकूंनी कागद घेऊन ओठ हलवत सगळा वाचला आणि परत दिला. "तारीख राहिली." साहेबांनी तारीख घातली.

वर्षाचा कागद त्याच दिवशी झाला. साहेबांना समज देण्यात आली, ती कसली आणि किती हे कुणाला कधी कळलं नाही, आणि सोमवारी ते नव्या शर्टात हजर होते. ठिणगीची इंटर्नशिप हिरव्या चिठ्ठीला हात लावल्याबद्दल आठवडाभर आधीच संपवली, प्रमाणपत्राशिवाय. फाटकावर ओळखपत्र काढून देताना ती इतकी चिडलेली होती की गळ्यातली दोरीच तुटली.

मागून हाक आली. काकू फाटकापर्यंत चालत आल्या होत्या, टोपी हातात.

"काकू, मला माफ..."

"माफी नको मला. तिचं मी काय करू?" काकूंनी खिशातून पेन्सिल आणि साच्याच्या कागदाची मागची बाजू काढून तिच्यापुढे धरली. "ते पापुद्र्यांचं सांगितलंस ना, ते लिहून दे. मोठ्या अक्षरात, आकृतीसकट. पुढच्या वर्षी परत तुझ्यासारखं कुणी तरी येईल तोंड फुगवून. विचारायचं नाही ते. मी तरी सांगेन."

ठिणगीने कागद फाटकाच्या खांबावर ठेवला आणि लिहायला लागली.